गाऱ्हाणं घालणे : विनंती की तक्रार?

सड्यावरचा : कणकवलीकडच्या एका कॉलेजात शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीचा मेसेज आला, 'सर, असाइनमेंटचा दुसरा प्रश्न कळलाच नाही, म्हणून तुम्हाला गाऱ्हाणं घालते. एकदा समजावून द्या.' त्याच प्रश्नावर अर्धा वर्ग अडलाय, म्हणून तो मेसेज विभागप्रमुखांना दाखवला. ते सोलापूरचे. म्हणाले, 'तक्रार असेल तर लेखी घ्या.' पोरीने तर मदत मागितली आहे! आता नोटीस लावायची आहे. 'असाइनमेंटविषयी गाऱ्हाणी बुधवारी ऐकली जातील' चालेल का?

घाटमाथा : नाही चालणार. गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच. संस्कृत गर्ह् म्हणजे निंदा करणे, त्यावरून आलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही हाच अर्थ आहे. लेक माहेरी सासूचं गाऱ्हाणं सांगते, ते काय विनंती म्हणून?

वहाळ : सांगते ना? आमच्याकडे कोकणात 'घालतात'. क्रियापद बदललं की अर्थ बदलला. घाडी, म्हणजे गावातर्फे देवाशी बोलणारा मानकरी, देवासमोर नारळ ठेवून उभा राहतो, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू करतो. मग मुंबईच्या चाकरमान्याला नोकरीत यश दे, अमक्याच्या पोराचं लगीन जुळव, आणि दर मागणीला मागून सगळे 'व्हय म्हाराजा!' यात तक्रार कुठे आली? उलट आपलीच चूकभूल पोटात घाल म्हणतात. त्या मुलीने सरांना देवाच्या जागी बसवलंय, एवढंच.

कोरा कागद : म्हणजे बाकीच्या वर्गाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं :)

शुद्धमती : मूळ दुखणं वेगळंच आहे. 'असाइनमेंट' कशाला? 'स्वाध्याय' आहे की. शाळेच्या पुस्तकात धड्याखाली छापलेला असतो.

कोरा कागद : स्वाध्याय म्हणजे आपला आपण करायचा. मग सरांकडे जायचंच कशाला? शिवाय आमच्या वाडीत 'स्वाध्यायाला गेलाय' म्हटलं की आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारात गेला असं धरतात.

शुद्धमती : मग गृहपाठ म्हणा.

वहाळ : मिसरूड फुटलेल्या पोराला गृहपाठ? बरं.

घाटमाथा : देवाकडे मागण्यासाठी 'साकडं घालणे' हा सर्वांना कळणारा शब्द आहे. संकट, त्याचं साकडं.

वहाळ : साकडं घालायचं म्हणजे समोरच्याला पेचात धरायचं. सर रजा टाकतील.

सड्यावरचा : अहो, नोटीस राहिली! मागच्या वेळी 'अडचणी असल्यास भेटावे' लिहिलं होतं, तर मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. 'शंका' लिहू?

माडाखाली : हसतीलच. आमची आजी 'अडचण' म्हणायची ती महिन्याच्या चार दिवसांना. आणि 'शंका' लिहिलीत तर मागच्या बाकावरून 'लघु की दीर्घ?' येणार. सरळ लिवा : 'ज्येंका असाइनमेंट कळूक नाय, त्येंनी बुधवारी येवचां.'

शुद्धमती : नोटीस बोलीत? उद्या उत्तरपत्रिकाही तशाच येतील.

माडाखाली : येऊंदेत की. निदान पोरांनी काय लिहिलंय ते त्यांना स्वतःला तरी कळेल.

घाटमाथा : विषय भरकटतोय. गर्ह् कुणी खोडून काढलेलं नाही.

वहाळ : घ्या, मी खोडतो. अख्ख्या गावाचं ते गावराणं, त्याचं झालं गाऱ्हाणं. मोल्सवर्थसाहेब शिमग्याला आले नसावेत.

घाटमाथा : असली व्युत्पत्ती कुठल्या कोशात आहे, दाखवा.

वहाळ : तुमचा कोश घेऊन पालखीला या. घाडीसमोरच उघडू.