तोंड येऊ नये म्हणून दिलेल्या औषधाने कॅन्सरचा उपचार लंगडा पडतो का?

नमस्कार मंडळी,
माझ्या सासऱ्यांना लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरपैकी एक) आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्याच स्टेम सेल्स (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) त्यांना परत देणार आहेत. त्याआधी सगळ्या अंगाला रेडिएशन आणि जबर केमो. तोंड फार येईल म्हणून डॉक्टरांनी पॅलिफर्मिनची इंजेक्शनं सुचवली आहेत. हे औषध पेशी वाढवतं असं वाचल्यापासून सासूबाई धास्तावल्या आहेत. ते कॅन्सरलाही खतपाणी घालेल का? कोणी जाणकार असेल तर कृपया कळवा.
– एक सभासद, एडिसन (अमेरिका)

ताई,
कॅन्सर विभागाच्या फार्मसीत मी आयुष्यभर नोकरी केली, म्हणून लिहितो. सासूबाईंची शंका रास्त आहे, तज्ज्ञांनाही हीच होती. पॅलिफर्मिन तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढायला लावतं, पण ज्यांच्यावर त्याचा रिसेप्टर (औषध जिथे चिकटतं ती जागा) असतो त्यांनाच. लिम्फोमाच्या पेशींवर तो सहसा नसतो. म्हणूनच अमेरिकेत 2004 साली परवानगी मिळाली ती रक्ताच्या कॅन्सरपुरती. त्यामागच्या चाचणीत 212 रुग्ण होते, तुमच्या सासऱ्यांसारखेच, रेडिएशन आणि केमो घेतलेले. तोंड गंभीर येण्याचं प्रमाण 98 टक्क्यांवरून 63 वर आलं, आणि काहीच गिळता येऊ नये अशी अवस्था 62 वरून 20 वर. हा फरक लहान नाही. तोंड सोलवटलं की जंतू रक्तात शिरायला वाट मिळते, आणि तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात.

वेळ मात्र काटेकोर पाळायला हवी. केमोच्या 24 तास आधीपासून 24 तास नंतरपर्यंत हे इंजेक्शन देत नाहीत. वाढीला लागलेल्या पेशींवर केमो जास्त घाव घालते, आणि तोंड उलट जास्त येतं. तारखा नर्सकडून लिहून घ्या.

स्तन, आतडं, जीभ, घसा यांच्या कॅन्सरचं गणित वेगळं. त्या गाठींवर हा रिसेप्टर असू शकतो, म्हणून तिथे सुरक्षितता सिद्ध झालेली नाही असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे.
– एक जुना सभासद

काका,
याच धाग्यात विचारते. सांगलीला माझ्या भावाच्या जिभेच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू आहे. तोंडाला बरं म्हणून इथून व्हिटॅमिन ईच्या गोळ्या पाठवू का?

बाळ, पाठवू नकोस. मला जास्त काळजी या बिनचिठ्ठीच्या गोळ्यांचीच वाटते. रेडिएशन काही अंशी ऑक्सिडेशननेच पेशी मारतं आणि ते रोखणारे व्हिटॅमिन ईसारखे अँटिऑक्सिडंट गाठीलाही आडोसा देऊ शकतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 540 रुग्णांवर चाचणी झाली. व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन दोन्ही घेणाऱ्यांचे रेडिएशनचे तीव्र त्रास कमी झाले. पण व्हिटॅमिन ई चालू असताना नवे कॅन्सर जास्त दिसले, आणि पुढे त्या गटात मृत्यूही जास्त झाले.

भावाला मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चुळा भरायला सांग आणि बेंझिडामिन या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधाच्या गुळण्यांबद्दल रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायला सांग. दोन्हींचं काम तोंडातल्या तोंडात. आणि दुखतंय म्हणून एकही दिवस रेडिएशन चुकवू नये. खंड पडला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. वेदनाशामक हवं असेल तर मागून घ्यावं, त्याने उपचार कमजोर होत नाही.