निवारे बांधले तरी फुटपाथ का सुटत नाही?

एकांनी लिहिलंय की बेघरांसाठी निवारे बांधले तरी फुटपाथवर राहणारी मंडळी फुटपाथ सोडत नाहीत, मग कशाला डोकेफोड करायची? नाही सोडत, खरं आहे. पण का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा. नवरा-बायको आणि तीन पोरं असतील तर त्यांनी आपसात वाटून घ्यायचं का? शिवाय पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात हार ओवायला बसणारी बाई मुलुंडच्या निवाऱ्यात झोपून काय करणार? पोटाचं काम जिथे, तिथेच माणूस पथारी टाकतो. सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात 1985 सालीच हे मान्य केलंय.

आणि निवारे आहेत तरी किती? शहरात दर एक लाख वस्तीमागे एक, असा दंडक. 2011 च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे तरी हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही.

मदतीचं म्हणाल तर डिसेंबरातली फोटोसकट ब्लँकेटवाटपं पुरे झाली (मुंबईत थंडी असते कुठे!). जूनच्या आधी जाड ताडपत्री द्या. फुटपाथवर झाडाला दोरीने आवळलेल्या त्यांच्या गाठोड्यात स्टोव्ह, पातेल्यांसोबत पोरांचे जन्मदाखलेही असतात. पालिकेच्या अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी आली की सगळंच जातं. त्या कागदांच्या प्रती काढून ठेवायला आणि नवा दाखला मिळेपर्यंत वॉर्ड ऑफिसात सोबत खेटे घालायला कोणी तयार असेल तर सांगा, आमच्या भागात दोघं-तिघं हवेच आहेत.