उत्तर : ध्रुवावर कारखाना नाही, मग पीसीबी आलं कुठून?

ज्या मताला हे उत्तर आहे, ते असं : उत्तर ध्रुवाच्या परिसरात (आर्क्टिकमध्ये) सापडणारी पीसीबीसारखी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलेली) विषारी रसायनं तिथल्या जहाजांची आणि संशोधन तळांची घाण असणार, आणि त्यांच्यावरच्या बंदीचा उपयोग नाही. थोडीफार असेलही, पण मुख्य वाट हवेची आहे. पीसीबी, एचसीबी (एक जुनं बुरशीनाशक) अशी द्रव्यं उष्ण भागात हळूहळू वाफ होऊन उडतात, गारव्यात खाली बसतात, ऊन तापलं की पुन्हा उडतात. नाकतोड्यासारख्या उड्या मारत ती थंडीकडे सरकतात. तिथे पोचली की परत उडायला पुरेशी ऊबच नसते!

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या झेपेलिन या हवा तपासणी केंद्रावर (उंची साधारण ४७५ मीटर) पंपाने हवा ओढून फोमच्या बोळ्यातून जाऊ देतात आणि तो बोळा प्रयोगशाळेत तपासतात. प्रमाण घनमीटरला पिकोग्रॅममध्ये. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. 'मग एवढ्याशाने काय होतंय?' तर ही द्रव्यं चरबीत साठतात आणि शेवाळापासून मासा, सील, अस्वल असं वर जाताना वाढत जातात. १९८०च्या दशकात नुनाविकमधल्या (कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा उत्तर भाग) इनुइट या मूळ रहिवासी स्त्रियांच्या दुधात दक्षिण क्वेबेकमधल्या स्त्रियांच्या सुमारे पाचपट पीसीबी निघालं. कारखाना एकीकडे, भोग दुसरीकडे.

बंदीचा उपयोग नाही, हे मात्र पटलं नाही. २००४ साली अशा टिकाऊ विषारी रसायनांवर बंदी किंवा मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार लागू झाला. बऱ्याच जुन्या रसायनांचं आर्क्टिक हवेतलं प्रमाण तर त्याआधीच्या देशोदेशींच्या बंदीपासूनच उतरत आलंय. गोची वेगळीच आहे : समुद्रावरचा बर्फ वितळतोय, तसा पाण्यात अडकलेला जुना साठा पुन्हा हवेत सुटतोय.