मदत हवी आहे: पायबाल्डिझम (जन्मजात पांढरी बट आणि चट्टे) आहे, पण त्यामागच्या किट (KIT) जीनची टेस्ट निगेटिव्ह
वडील, मी आणि माझी मुलगी, तिघांनाही जन्मापासून कपाळावर मधोमध पांढरी बट आणि गुडघ्यांवर पांढरे चट्टे आहेत, चट्ट्यांच्या आत बारीक तपकिरी ठिपकेही दिसतात. चट्टे वाढत नाहीत त्यामुळे कोड नाही, ऐकू सगळ्यांना नीट येतं, डोळेही एकाच रंगाचे, म्हणून वार्डनबर्ग सिंड्रोमही वाटत नाही असं डॉक्टर म्हणाले. मलमांनी काडीचा फरक पडला नाही. माझं किट जीनचं सिक्वेन्सिंग (जीनमधली अक्षरं क्रमाने वाचणारी टेस्ट) झालंय, म्युटेशन (बिघाड) सापडलं नाही. तीन पिढ्या सलग उतरलंय म्हणजे डॉमिनंटच (एकाच पालकाकडून बिघडलेला जीन आला तरी होणारं) असणार ना! उपचार नकोत, दुसऱ्या बाळाचा विचार आहे म्हणून नेमकं कारण हवंय. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये जीनचा मोठा तुकडाच गायब असेल तर तो निसटू शकतो, मग आता एमएलपीए (असे गायब तुकडे शोधणारी टेस्ट) करावी की थेट एक्सोम (सगळ्या जीन्सचे प्रोटीन बनवणारे भाग वाचणारी टेस्ट), आणि माझं एकटीचं सॅम्पल पुरेल का वडिलांचंही लागेल?