आखूड कुरळ्या केसांसाठी रोज निभेल असा साधा क्रम कसा ठरवावा?

सिंहगडरस्ताकर (प्रश्न)

नमस्कार. माझे केस जन्मतः कुरळे आहेत. परंतु महाविद्यालयात असल्यापासून जवळजवळ बारा वर्षे मी ते दर वर्षी सरळ करून घेत आले, त्यामुळे आपले स्वतःचे केस कसे असतात याचाच मला विसर पडला होता. बाळंतपणानंतर केस फार गळू लागले, तेव्हा सरळ केलेला भाग कापून टाकला. आता कोरडे असताना ते कानाच्या पाळीपर्यंत येतात, ओले करून ओढले तर मात्र हनुवटीला टेकतात. न्हाऊन बाहेर येते तेव्हा आरशात सुरेख बटा दिसतात; टॉवेलने खसाखसा पुसून कंगवा फिरवला की अर्ध्या तासात त्यांचा पिंजलेला कापूस होतो, आणि सासूबाई "अगं, निदान भांग तरी नीट पाड" म्हणून मागे लागतात.

आमच्या सोसायटीत महापालिकेचे पाणी पुरत नसल्यामुळे त्यात बोअरचे पाणी मिसळले जाते आणि होळीनंतर टँकर सुरू होतात. सध्या मी एक दिवसाआड शाम्पू लावते, शनिवारी रात्री डोक्यावर भरपूर खोबरेल थापते आणि रविवारी शिकेकाईच्या पुडीने न्हाते. थोडा कोंडाही आहे. कामावर जाताना स्कूटरवर चाळीस मिनिटे हेल्मेट असते. समाजमाध्यमांवर पाहावे तर जो तो दहा-बारा बाटल्या मांडून बसलेला दिसतो. घरात दीड वर्षाचे मूल असताना मला सकाळी पंधरा मिनिटांहून अधिक वेळ मिळणे शक्य नाही. यातले खरोखर आवश्यक काय, आणि तेल व शिकेकाई चालू ठेवावी की सोडावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जवसवाली

ताई, बाटल्यांचा विचार नंतर करू. तुमच्या वर्णनात दोन अपराधी आधीच सापडले आहेत: टॉवेल, आणि त्यापाठोपाठचा कंगवा.

केस ओला झाला की त्याच्या आतले काही नाजूक बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, त्यामुळे वाळण्याच्या त्या तास-दोन तासांत केस ज्या आकारात असेल तोच आकार दिवसभर टिकतो. नेमक्या त्याच वेळी तुम्ही बटा विस्कटून एकेक केस सुटा करता, मग तो कापूस होणारच. म्हणून कंगवा फिरवायचा तो न्हाताना, कंडिशनर केसांत असताना. तोही मोठ्या दातांचा, आणि टोकांकडून सुरुवात करून हळूहळू मुळांकडे जात. तुमच्या लांबीला चहाचे दोन चमचे कंडिशनर पुष्कळ झाले. नंतर दिवसभर कंगव्याला सुट्टी द्यावी.

टॉवेलऐवजी घरात असेल तो जुना, धुऊन मऊ झालेला पंचा घ्या. मान खाली घालून बटा तळहातावर घ्याव्यात आणि पंच्यातून अलगद दाबाव्यात. पिळू नयेत, घासू नयेत. अभ्यंगाच्या वेळी आजी आमचे डोके पंच्यानेच टिपत असे, याची आठवण मला ऑनलाइन मागवलेला महागडा टॉवेल वापरून झाल्यावर आली.

यानंतर एकच गोष्ट लावायची, ती म्हणजे जेल. मी जवसाचे करते. पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवून ढवळत राहावे. सात-आठ मिनिटांनी फेस पांढरा दिसू लागतो आणि चमचा वर उचलला की एकतारी पाकासारखी तार सुटते. तिथेच गॅस बंद करून गरम असतानाच गाळावे. पहिल्या खेपेला मी ते "निवू दे" म्हणून रात्रभर ठेवले, तर सकाळी पातेल्यात जवसासकट असा गोळा झाला होता की तो ना गाळणीतून उतरला ना मलमलीतून. हे जेल फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. आंबूस वास आला की टाकून द्यावे. केसांतून पाणी ठिबकत असतानाच आवळ्याएवढे जेल दोन्ही तळहातांवर पसरून बटा खालून वर मुठीत दाबायच्या आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागले तर घाबरू नका, मुठीत दोन-चार वेळा चुरले की मऊ होतात. हे सारे दहा मिनिटांत उरकते. वाळण्याचा वेळ मात्र सकाळी मिळणार नाही, म्हणून मी संध्याकाळी न्हाते.

शाम्पू एक दिवसाआड नको, आठवड्यातून दोनदा पुरे. कुरळ्या केसाच्या वळणांवरून टाळूचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत सहजी उतरत नाही, म्हणून मुळे तेलकट असली तरी टोके कोरडीच राहतात. शाम्पू टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळावा. टोके त्याच्या ओघळत्या फेसाने स्वच्छ होतात.

बोअरचे_पाणी

वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण तुमच्याकडे पाण्याचा प्रश्न त्याआधी सोडवावा लागेल. तुमच्या बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी जो पांढरा खरपुडा धरतो, तोच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर केसांवरही बसतो. मग कंडिशनर कितीही लावला तरी केस राठ लागतात आणि दोष कंडिशनरला दिला जातो. जड पाण्याचे क्षार काढण्यासाठी वेगळे शाम्पू मिळतात. त्यांच्या घटकांत ईडीटीएसारखे क्षारांना धरून ठेवणारे द्रव्य पुरेशा प्रमाणात असते. असा शाम्पू महिन्यातून दोनदा वापरावा, आणि एरवी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या गाळलेल्या, म्हणजे आरओच्या, पाण्याचे घ्यावेत. आखूड केसांचा हा मोठा फायदा आहे; लांब केसांना एवढे पाणी पुरले नसते.

शिकेकाईबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. साबणाची जड पाण्यात साय धरते, तशी शिकेकाईची धरत नाही, कारण तिचा फेस सॅपोनिनचा असतो, साबणाचा नव्हे. दोष पुडीचा आहे. पूड कुरळ्या बटांत अडकते आणि चार दिवस कोंड्यासारखी खाली पडत राहते. तुमचा काही कोंडा कदाचित हाच असेल. शेंगा रात्री भिजत घालून सकाळी उकळाव्यात आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. रिठा त्यात बेतानेच घाला, कारण तो केस फार कोरडे करतो आणि डोळ्यांत गेला तर रडवतो. पण इतका खटाटोप पंधरा मिनिटांत बसत नसेल तर सौम्य शाम्पू वापरा, त्यात परंपरेचा काही अपमान होत नाही.

औषधदुकानदार

तेल आणि कोंडा यांविषयी लिहितो, कारण या दोहोंची गल्लत माझ्या गल्ल्यावर रोज होते. "कोंडा झालाय, कुठले तेल देऊ?" असा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी तेल थांबवायला सांगतो. कोंड्याशी निगडित असलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी टाळूवरच्या स्निग्धतेवरच जगते, त्यामुळे रात्रभर टाळूवर थापलेले तेल तिची मेजवानी ठरू शकते. किटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून, चार आठवडे वापरावा. तुम्ही बाळाला अंगावर पाजत असाल, तर त्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. तेवढ्याने फरक पडला नाही, किंवा टाळू लाल होऊन खाजू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

याचा अर्थ खोबरेल वाईट असा नाही. मुंबईतील रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. त्यात केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली, इतर दोन तेलांनी नाही, कारण खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. तेव्हा न्हाण्यापूर्वी तासभर, टाळू सोडून केवळ केसांच्या लांबीला, चमचाभर खोबरेल लावावे. एवढे तेल शाम्पूने सहज निघते.

दमट_रत्नांग्री

माझेही केस असेच आहेत, पुरुषाचे म्हणून आणखी आखूड. दोनच गोष्टी सांगतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जे जेल चालेल ते गणपतीला कोकणात याल तेव्हा चालेलच असे नाही. घटकांत ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असेल तर आमच्या दमट हवेत ते ओलावा ओढून घेते आणि केस फुगून बसतात. दुसरे, केस कापणाऱ्याला ते कोरडे असतानाच कापायला सांगा. एका सलूनमध्ये माझे केस ओले करून, ताणून, "फक्त एक इंच" कापले होते; वाळल्यावर ते अडीच इंच वर चढले आणि पुढचे तीन महिने मी टोपी घालून हिंडलो.

हेल्मेटखाली साटीनचा पातळ रुमाल बांधावा, आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नये. उशीलाही साटीनचा अभ्रा घातलात तर सकाळी गुंता कमी होतो. बसलेल्या बटांवर सकाळी ओला हात फिरवून त्या मुठीत दाबल्या की काम भागते, रोज न्हावे लागत नाही.

सिंहगडरस्ताकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहा आठवड्यांनी लिहिते आहे. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी न्हाते, कंडिशनरमध्येच कंगवा फिरवते, पंचा आणि जवसाचे जेल वापरते. डॉक्टरांना विचारून औषधी शाम्पू चार आठवडे वापरला आणि कोंडा जवळजवळ गेला. पहिले दोन आठवडे केस चिकट वाटत होते, कारण मी जेल आवळ्याऐवजी लिंबाएवढे घेत होते. आरओच्या पाण्याच्या दोन तांब्यांनी पडलेला फरक मात्र पहिल्याच न्हाणात हाताला कळला.

एक शंका उरली आहे. मानेवरच्या पाच-सहा बटा काही केल्या वळत नाहीत. मुळाशी वळण दिसते, पण टोके काडीसारखी सरळ राहतात. तिथे जेल जास्त लावावे का?

जवसवाली

लावू नका, उपयोग होणार नाही. ती टोके सरळ केलेल्या केसांची आहेत, कापताना मागे राहून गेली असावीत. रसायनाने एकदा सरळ झालेला केस पुन्हा वळत नाही. जो नवा येतो तोच कुरळा येतो, आणि तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दोन महिने थांबा, आणि पुढच्या खेपेला केस कोरडे असताना तेवढी टोके कापून घ्या.