मदत हवी आहे: २०१२ची डिझेल सेडान घ्यावी का?

मंडळी, एक सल्ला हवाय. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये ओळखीतल्या एका काकांची डिझेल सेडान विकायला आहे. २०१२चं मॉडेल, एमएच १५ पासिंग, काका दुसरे मालक, मीटरवर ९८ हजार. (मीटरवर माझा फारसा विश्वास नाही, क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय.)

काल सकाळी इंजिन गार असताना मुद्दाम गेलो. स्टार्टर मारल्यावर दोन-तीन सेकंद साखळी घासल्यासारखी खरखर, मग गप्प. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून धूर फुकफुक येत होता. काका म्हणाले, "डिझेलला एवढं चालतंच." खरंच चालतं, की पिस्टनच्या रिंगा गेल्यात? पाथर्डी फाट्यापर्यंत चालवली. टर्बो लागेपर्यंत गाडी झोपलेली, आणि स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे खट्ट. ते सस्पेन्शनचं लिंक रॉड किंवा बुश असेल, त्याची काळजी नाही. एसी मात्र फर्मास.

रोजचा वापर नाही. आई-बाबांना महिन्यातून एकदा वणीच्या गडावर न्यायचं, कधीतरी कसारा घाट उतरून ठाण्याला.

टायमिंग चेन किंवा टर्बोचं काम निघालं तर नाशकात साधारण किती खर्च येतो? शिवाय २०२७ला गाडीला १५ वर्षं भरतील. फिटनेस करून आरसी पाच वर्षं वाढवताना पर्यावरण कर धरून एकूण किती लागले, हे कोणी नुकतंच केलं असेल तर सांगा. अंबड-सातपूरकडचा डिझेलमधला जाणकार मेकॅनिकही सुचवा, गाडी त्याला दाखवूनच ठरवेन. काका रविवारी इसार मागतायत.