पहिली हिमचढाई: स्वतःचे काय घ्यावे, भाड्याने काय चालेल?

प्रश्न
डोंगर-दऱ्यांतून चालण्याची सवय अनेक वर्षांची आहे, परंतु बर्फावर पाऊल ठेवण्याची ही पहिलीच वेळ असेल. शिखर सुमारे ५००० मीटर उंचीचे असून सोपे समजले जाते आणि सोबत मार्गदर्शक असणार आहेत. सगळेच साहित्य एकदम विकत घेणे शक्य नाही. प्राधान्य कशाला द्यावे?

प्रतिसाद १
बुटांना. भाड्याचे बूट दुसऱ्याच्या पायाला सरावलेले असतात, आणि घट्ट बुटात आणखी एक जाड मोजा कोंबला तर रक्तपुरवठा कमी होऊन पाय उलट अधिक गार पडतो. सगळे मोजे घालूनही बोटे मोकळी हलली पाहिजेत.

क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायची अणकुचीदार टोकांची धातूची चौकट) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) भाड्याने चालतील. मात्र क्रॅम्पॉन तुमच्याच बुटांवर बसवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण तारेच्या पकडीचे क्रॅम्पॉन ज्या बुटांना पुढे-मागे खोबण असते त्यांनाच बसतात, मऊ तळाच्या बुटांना पट्ट्यांचेच लागतात. तळाला बर्फ चिकटू न देणारी पट्टी आहे ना, तेही पाहा. दुपारच्या ओल्या बर्फात ती नसली, तर टाचेखाली गोळा जमून टोके बर्फात रुततच नाहीत.

प्रतिसाद २
हातमोज्यांचा जास्तीचा एक जोड घ्याच. माझ्या पहिल्या चढाईत क्रॅम्पॉनचा पट्टा आवळण्यासाठी मी जाड हातमोजा काढून गुडघ्यावर ठेवला आणि वाऱ्याच्या एका झोताने तो उतारावरून दिसेनासा झाला. उरलेला दिवस मी त्या हातावर पायमोजा चढवून काढला (छायाचित्रांत तो हात लपवलेला आहे). तेव्हापासून हातमोज्यांना मनगटाची दोरी असते, आणि पट्टे पातळ हातमोज्यांनिशी आवळण्याचा सराव मी घरीच करतो. गॉगल बाजूंनी झाकलेला हवा, कारण ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो आणि डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते, तोवर इजा झालेली असते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण मोकळे राहते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. हिमस्खलनाचा बीकनही (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधण्यासाठीचे संकेतयंत्र) घ्यावा का?

प्रतिसाद १
मार्ग ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून किंवा त्यांच्या पायथ्याने जात असेल, तर होय. पण एकट्या बीकनचा उपयोग नाही. बीकन, शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला सोबतीच बाहेर काढतात आणि पहिली १० ते १५ मिनिटे गेली की जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. पिशवी बर्फात पुरून ती शोधण्याचा सराव निघण्यापूर्वी दोन-चार वेळा तरी करा. शोधताना मोबाइल बंद ठेवा, अन्यथा बीकनचे संकेत बिघडतात.

मार्गदर्शकांना एक गोष्ट आधीच विचारून घ्या: शिखर गाठले नसले, तरी किती वाजता माघारी वळायचे? या प्रश्नाचे उत्तर त्यांना घड्याळातल्या वेळेत देता आले नाही, तर मी दुसरे मार्गदर्शक शोधीन.